वाटेवरचे धान्य कोणाचे?

चोरी करू नये, हे सांगण्यासाठी लेख लिहिण्याची आवश्यकता नाही. सातवी आज्ञा आपण सर्वांनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली आहे आणि दुसऱ्याच्या घरात शिरून त्याची वस्तू उचलणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात कसलाही संभ्रम नसतो. परंतु चोरीचा एक प्रकार असा आहे की, त्याविषयी बोलताना चांगल्या माणसांचीही सदसद्‌विवेकबुद्धी थोडी सैल पडते. तो प्रकार म्हणजे वाटेवरच्या अन्नाची चोरी. गोदामातून निघालेले आणि अद्याप मुक्कामी न पोहोचलेले धान्य मालमोटारीतून कमी होते, तेव्हा त्याला आपण सहसा चोरी म्हणत नाही. आपण 'घट' म्हणतो, 'तूट' म्हणतो, फार तर 'गळती' म्हणतो.

याचे कारण उघड आहे. घरात चोरी झाली तर घरधनी आरडाओरडा करतो, शेजारी जमतात, पोलीस येतात. मालमोटारीतून दहा पोती उतरवली गेली तर कोणीच ओरडत नाही. पाठवणाऱ्याला वाटते, माल पोहोचला. घेणाऱ्याला वाटते, मुळात तेवढाच पाठवला होता. ज्याच्या ताटातून घास गेला, त्याला तर घास निघाला होता हेही ठाऊक नसते. ज्या चोरीत हानी झालेल्या माणसाला आपली हानी झाली हे कळतच नाही, तिच्याकडे नैतिक दृष्टीने कसे पाहावे? आणि मुळात वाटेवर असलेले धान्य कोणाचे? या एका प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम सोपी उदाहरणे घेऊ. २०१९ च्या नोव्हेंबरात कांद्याचे भाव भडकले होते. त्या दिवसांत नाशिकहून उत्तर प्रदेशातील गोरखपूरकडे निघालेला सुमारे ४० टन कांद्याचा ट्रक वाटेत नाहीसा झाला. पुढे ट्रक सापडला, तो रिकामा. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने तसाच भाव खाल्ला, तेव्हा कर्नाटकातील एका शेतकऱ्याचा कोलारच्या बाजाराकडे निघालेला सुमारे दोन टन टोमॅटो बंगळूरनजीक वाहनासकट पळवला गेला. अपघाताचा बहाणा करून भांडण उकरून काढायचे, नुकसानभरपाई मागायची आणि मग गाडीच ताब्यात घ्यायची, अशी ती युक्ती होती. एरवी रस्त्याच्या कडेला ओतून द्यावा लागणारा माल महाग होताच चोराला सोन्यासारखा दिसू लागतो. या दोन्ही प्रसंगी मालक कोण, हे स्पष्ट होते. एकीकडे व्यापारी होता, दुसरीकडे शेतकरी. कोणी म्हणेल, विमा असला म्हणजे झाले. परंतु विम्याने पैसा परत मिळतो, शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांची विटंबना भरून निघत नाही, आणि विम्याचा हप्ता अखेर मालाच्या किमतीत मिसळून गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो. येथे चोरी ही चोरीच आहे, यात कोणाचे दुमत होणार नाही.

प्रश्न अवघड होतो तो शिधावाटपाच्या धान्याच्या बाबतीत. या धान्याचा प्रवास लांबचा असतो. शेतकऱ्याकडून खरेदी झालेला गहू वा तांदूळ १९६५ साली स्थापन झालेल्या भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामात येतो. तेथून तो आगगाडीने वा मालमोटारीने राज्याराज्यांत जातो, पुढे तालुक्याच्या शासकीय गोदामात आणि तेथून गावच्या रास्त भाव दुकानात. प्रत्येक टप्प्यावर पोती उतरतात, चढतात, मोजली जातात, कागदावर सह्या होतात. प्रत्येक टप्प्यावर एक हात धान्य सोडतो आणि दुसरा धरतो. या दोन हातांमधल्या जागेत जे घडते, तोच आपला विषय आहे.

तेथे काय घडते, हे सर्वांना थोडेफार ठाऊक असते. कधी संपूर्ण मालमोटार दुसऱ्याच दिशेला वळते आणि कागदावर मात्र ती वेळेवर पोहोचते. कधी मोजकी पोती वाटेत उतरतात. कधी पोत्याला पोकळ लोखंडी नळी टोचून दोन-दोन किलो धान्य काढून घेतले जाते आणि पोती जशीच्या तशी शिवलेली दिसतात. कधी पाणी शिंपडून वजन भरून काढतात, कधी चांगला तांदूळ उतरवून त्या जागी किडका भरतात. २०१८ च्या जुलैत नांदेड जिल्ह्यातील कृष्णूर येथे एका खासगी कारखान्याच्या आवारात शासकीय धान्याचे ट्रक पोलिसांनी पकडले आणि ते प्रकरण न्यायालयात गेले. उत्तर प्रदेशातील अशाच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावरील प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१० साली केंद्रीय अन्वेषण विभागाकडे तपास सोपवला होता. कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नाही. आम्हांला येथे एवढेच म्हणायचे आहे की, ही एखाद-दुसऱ्या गावची गोष्ट नव्हे.

तिचे प्रमाण किती, याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञ मांडत आले आहेत. सरकारी गोदामांतून उचललेले धान्य आणि कुटुंबांनी प्रत्यक्ष मिळाले म्हणून सांगितलेले धान्य यांची तुलना करून ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी काढलेला निष्कर्ष असा की, २००४-०५ मध्ये देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के धान्य लाभधारकांपर्यंत पोहोचले नाही. २०११-१२ मध्ये हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास आले. २०२२-२३ च्या आकडेवारीवरून दिल्लीच्या एका संशोधनसंस्थेने हेच प्रमाण २८ टक्के काढले. हिशेबाच्या पद्धतींवर वाद आहेत, आणि ही सारी तूट रस्त्यावरच होते असेही नाही; दुकानात होते, खोट्या नावांवर होते. तरीही सुधारणा झाली हे खरे, आणि ती पुरेशी झाली नाही हेही तितकेच खरे.

मोठे आकडे मनाला बधिर करतात. म्हणून आपण एका मालमोटारीचा हिशेब करू. दहा टन धान्य म्हणजे पन्नास किलोंची २०० पोती. माणशी महिन्याला ५ किलो या प्रमाणाने हे २,००० माणसांचे एका महिन्याचे धान्य झाले. म्हणजे एक मालमोटार वळली, की एका लहान गावाचा महिना वळतो. नळी टोचून प्रत्येक पोत्यातून केवळ दोन किलो काढले, तरी ४०० किलो होतात. ते ८० माणसांचे महिन्याचे धान्य. ज्याने ते काढले तो म्हणेल, 'दोन किलोंनी काय होते?' पोत्याला काही होत नाही. त्या ८० माणसांना होते.

'गळती' या शब्दाविषयी येथे थोडे बोलले पाहिजे. नळ गळतो, छप्पर गळते, फुटका माठ गळतो. गळण्याला कर्ता नसतो, म्हणून गळतीला अपराधीही नसतो. धान्य मात्र आपोआप गळत नाही. पोत्याला भोक पडून पसाभर दाणे रस्त्यावर सांडले तर ती गळती. दोनशे पोती खाली उतरून, दुसऱ्या वाहनात चढून, तिसऱ्याच्या गोदामात थप्पी लागून पडली, तर तेथे चालक असतो, हमाल असतात, हिशेबनीस असतो, विकत घेणारा असतो आणि डोळेझाक करणारा असतो. या सर्वांना मिळून आपण एक असा शब्द दिला आहे, की ज्यात कोणीच नाही. पापाला सौम्य नाव दिले म्हणजे पापाचे ओझे हलके होते, असा माणसाचा जुना समज आहे. कबुलीजबाबाच्या तयारीत आपल्याला पहिली गोष्ट शिकवतात ती हीच, की पापाला त्याच्या नावाने संबोधावे.

या सैलपणाच्या मुळाशी एक विचार आहे, आणि तो उघड बोलून दाखवला जातो: 'सरकारचे आहे, कोणाच्या बापाचे नाही.' सरकारचे म्हणजे सर्वांचे, आणि सर्वांचे म्हणजे कोणाचेच नाही, अशी ती विचारसरणी. जुन्या काळी शिधावाटप ही सरकारची मेहरबानी समजली जाई, तेव्हा कदाचित हा युक्तिवाद वरवर पटत असेल. आज तेही उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयात २००१ साली अन्नाच्या हक्कासाठी याचिका दाखल झाली. तिच्यातून दीर्घकाळ आदेश निघत राहिले आणि २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. त्या कायद्याने माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क ठरवला. धान्य दुकानाच्या दारापर्यंत पोहोचवणे ही सरकारची जबाबदारी ठरवली. २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य विनामूल्य झाले. या व्यवस्थेत कोणत्या दुकानाला किती पोती जायची, हे त्या दुकानाशी जोडलेल्या माणसांच्या संख्येवरून आधीच ठरलेले असते. म्हणजे मालमोटार गोदामाच्या फाटकातून बाहेर पडते, तेव्हा तिच्यातील दाणा अन्‌ दाणा माणसामाणसांत वाटला गेलेला असतो. पोत्यावर नावे लिहिलेली नसतात, एवढेच.

म्हणून आमच्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर असे आहे: वाटेवरचे धान्य पाठवणाऱ्याचे नाही, वाहून नेणाऱ्याचे तर नाहीच, जो त्याची वाट पाहत आहे त्याचे ते आहे. ज्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढले, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गावात गाडी येण्याची वाट पाहणाऱ्या माणसांनी ते धान्य पोटात पडण्यापूर्वीच मनात वाटून घेतलेले असते. तोंडचा घास काढून घेणे, असे मराठीत म्हणतात. घास तोंडापासून दोनशे मैल दूर असताना काढला, म्हणून तो तोंडचा नव्हता असे होत नाही.

आता काही प्रामाणिक हरकतींचा विचार केला पाहिजे.

पहिली हरकत भुकेल्या माणसाची. उपाशी माणसाने वाटेवरच्या गाडीतून धान्य घेतले, तर ती चोरी काय? ख्रिस्तसभेच्या परंपरेने या प्रश्नाला जे उत्तर दिले आहे, ते पुष्कळांना आश्चर्यकारक वाटेल. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी असे प्रतिपादन केले, की ज्याची गरज उघड आणि तातडीची आहे आणि जिच्या निवारणाचा दुसरा मार्गच नाही, त्याने दुसऱ्याच्या मालमत्तेतून आपली गरज भागवली, तर ती खऱ्या अर्थाने चोरी नव्हे. पृथ्वीवरील संपत्ती अखेर सर्व मानवांच्या निर्वाहासाठी आहे, हे त्यामागील तत्त्व. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात याच तत्त्वाचा पुनरुच्चार केला. तेव्हा दुष्काळात गाडी अडवून मूठभर धान्य नेणाऱ्या आईला चोर म्हणण्याची घाई आपण करू नये.

परंतु या तत्त्वाची धार दोन्ही बाजूंनी चालते, हे लक्षात घेतले पाहिजे. अन्न गरजवंताचे आहे म्हणूनच उपाशी माणसाला ते घेण्याचा अधिकार पोहोचतो. आणि नेमक्या त्याच कारणाने, गरजवंताकडे निघालेले अन्न भरल्या पोटाच्या माणसाने घेणे हे साध्या चोरीपेक्षा अधिक गंभीर ठरते. श्रीमंताच्या तिजोरीतला पैसा चोरणारा एका माणसाचा माल चोरतो. शिध्याचे धान्य वळवणारा अशा माणसाचा माल चोरतो, ज्याच्याकडे दुसरे काही नाही. अक्वायनस यांच्या वचनाचा आधार उपाशी आईला मिळतो. तिच्या नावाने गोदाम भरणाऱ्याला मिळत नाही.

आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे: सरवा. पीक काढून झाल्यावर शेतात राहिलेली कणसे, सांडलेले दाणे म्हणजे सरवा. तो वेचण्याचा हक्क गरिबांचा. जुन्या करारातील नियमशास्त्रही शेतमालकाला सांगते, की शेताचे कोपरे कापू नको, सांडलेले वेचू नको. ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. रूथ याच हक्काने बवाजाच्या शेतात गेली. आजही बाजार समित्यांच्या आवारात आणि मालधक्क्यांवर गोरगरीब बायका झाडून, पाखडून मातेऱ्यातून दाणे निवडताना दिसतात. त्यांच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. तो त्यांचा सरवा आहे. मात्र सांडलेले आणि सांडवलेले यांत फरक आहे. पोते आपोआप फाटले आणि दाणे पडले, तो सरवा. पोत्याला नळी टोचून दाणे पाडले, ती चोरी, मग ते वेचायला कोणाही गरिबाला पुढे केलेले असो.

दुसरी हरकत वाहून नेणाऱ्यांची. चालकाला पगार तुटपुंजा, हमालाची मजुरी अपुरी, भाडे महिनोन्‌महिने थकलेले. मग त्यांनी चार किलो घेतले तर बिघडले कोठे, असे विचारले जाते. त्यांच्या मजुरीत अन्याय असेल, तर तो दूर झालाच पाहिजे. कामकऱ्याची मजुरी अडवून ठेवणे हेही देवाच्या दारी दाद मागणारे पाप आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. परंतु मालकाने बुडवलेली मजुरी तिसऱ्याच गरिबाच्या ताटातून वसूल करणे, हा कोणता न्याय? शिवाय, कष्टकरी माणूस संधी मिळताच हात मारतो, हा समजच मुळात अपमानकारक आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्या पुण्याच्या हमालांच्या संघटनेने १९७४ साली 'कष्टाची भाकर' हा उपक्रम सुरू केला. श्रमिकांना परवडणाऱ्या दरात पोटभर जेवण मिळावे, हा त्याचा हेतू. आयुष्यभर दुसऱ्यांचे धान्य वाहणाऱ्यांनी दुसऱ्यांच्या भुकेचा विचार केला, याहून अधिक चांगले उत्तर त्या समजाला देता येणार नाही.

पवित्र शास्त्रातही धान्यवाहतुकीची एक गोष्ट आहे, ती या संदर्भात आठवते. योसेफाचे भाऊ मिसर देशातून गाढवांवर धान्याच्या गोण्या लादून कनानकडे निघाले. वाटेतील मुक्कामावर एकाने गाढवाला वैरण देण्यासाठी गोणी सोडली, तर तिच्या तोंडाशी त्याने धान्यापोटी मोजून दिलेला पैसा तसाच होता. घरी पोहोचल्यावर इतरांच्या गोण्यांतही तेच निघाले. दुसऱ्या खेपेला ते मिसरात गेले, तेव्हा कोणी विचारण्यापूर्वीच त्यांनी योसेफाच्या कारभाऱ्याला दाराशी गाठून ती हकीकत सांगितली आणि तो पैसा परत आणला. आपल्या भावाला विकून पैसे घेणारी हीच ती माणसे. त्यांच्या मनात भीती होती हे खरे; परंतु वाटेत सापडलेले आपले नव्हे, एवढे त्यांना कळू लागले होते. त्यांच्या परिवर्तनाची सुरुवात एका प्रवासातल्या गोणीपाशी झाली, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

तिसरा माणूस हरकत घेत नाही, कारण त्याच्याकडे कोणी बोटच दाखवत नाही. तो म्हणजे विकत घेणारा. वळवलेले धान्य कोणीतरी विकत घेतो म्हणूनच वळते. पिठाची गिरणी, किराणा दुकान, खाणावळ, कोंबड्यांच्या खाद्याचा कारखाना यांपैकी कोठेतरी त्याचा प्रवास संपतो. बाजारभावापेक्षा बराच स्वस्त तांदूळ बिलाशिवाय मिळत असेल, तर तो का स्वस्त आहे, हा प्रश्न विचारण्याचे कर्तव्य घेणाऱ्याचे आहे. विचारले तर उत्तर मिळेल म्हणून न विचारणे, याला अज्ञान म्हणता येत नाही.

आता उपायांकडे वळू. येथे एक फार कठीण नैतिक पेच उभा राहतो, आणि तो समजण्यासाठी आपल्या देशाबाहेरचे एक उदाहरण घेणे आवश्यक आहे. इथिओपियाच्या तिग्राय प्रांतात २०२० ते २०२२ अशी दोन वर्षे भीषण युद्ध झाले. युद्धानंतर तेथील जनता बाहेरून येणाऱ्या धान्यावर जगत होती. २०२३ च्या वसंतात असे आढळून आले, की मदतीचे धान्य मोठ्या प्रमाणावर मधल्यामध्ये वळवले जात असून ते बाजारात आणि पिठाच्या गिरण्यांत पोहोचत आहे. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम आणि अमेरिकी सरकारची तेव्हाची मदतसंस्था यांनी प्रथम तिग्रायमध्ये आणि जूनमध्ये संपूर्ण देशात अन्नवाटप थांबवले. ते टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू होऊन देशभर पूर्ववत व्हायला वर्षअखेर उजाडली. त्या महिन्यांत उपासमारीने माणसे मेल्याच्या बातम्या येत राहिल्या.

वाटप थांबवणाऱ्यांची बाजू समजण्यासारखी आहे. आपण दिलेले अन्न लुटारूंचे भांडवल होत आहे, हे ठाऊक असूनही देत राहणे म्हणजे लुटीला हातभार लावणे. परंतु थांबवण्याचा भार कोणावर पडला? ज्यांनी धान्य वळवले, ते उपाशी राहिले नाहीत. चोराने गुन्हा केला आणि शिक्षा भुकेल्याने भोगली. पूर्वी धान्य थोडे तरी पोहोचत होते. न्यायाच्या नावाने तेही बंद झाले. आमच्या मते दात्याचा विश्वासघात झाला तरी त्याचे कर्तव्य संपत नाही, कारण मघाशी म्हटल्याप्रमाणे ते धान्य त्याचे राहिलेलेच नसते. वाट बदलावी, वाहणारे बदलावेत, साक्षीदार वाढवावेत. परंतु मधल्या काळात भुकेला काय खाईल, याचे उत्तर तयार नसताना गाडी थांबवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हा पेच आपल्याकडे नाही असे कोणी समजू नये. चोरीला आळा घालण्यासाठी आपल्याकडे दुकानादुकानांत अंगठ्याचा ठसा घेणारी यंत्रे आली, शिधापत्रिका आधार क्रमांकाशी जोडल्या गेल्या. त्याचे काही चांगले परिणामही झाले. परंतु आयुष्यभर माती आणि दगड उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना यंत्राने ओळखले नाही. झारखंडात २०१७ साली शिधापत्रिका आधारशी न जोडल्यामुळे रद्द झालेल्या एका कुटुंबातील अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. मृत्यू भुकेने झाला, असे घरच्यांचे म्हणणे होते. शासनाने ते नाकारले. तो वाद बाजूला ठेवला, तरी एक विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. धान्य चोरीला जाते ते मुख्यतः मोठ्या हातांनी, आणि तपासणीची सर्वाधिक सक्ती होते ती सर्वांत थकलेल्या हातांवर. कुंपणच शेत खात असेल, तर शेतातल्या पाखरांची मोजदाद करून काय साधणार?

मग मार्ग कोणता? छत्तीसगडने तो काही प्रमाणात दाखवला. २००४ नंतर त्या राज्याने शिधादुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गट यांच्याकडे दिली. धान्य वाहणाऱ्या ट्रकांना पिवळा रंग दिला, म्हणजे असा ट्रक भलत्या ठिकाणी उभा दिसला तर कोणाच्याही नजरेस यावा. गाडी गोदामातून निघाली की गावातील नोंदणी केलेल्या लोकांच्या भ्रमणध्वनीवर संदेश जाऊ लागला. द्रेझ आणि खेरा यांच्या हिशेबाप्रमाणे तेथील तूट २००४-०५ मध्ये निम्म्याच्या आसपास होती, ती २००९-१० मध्ये सुमारे एकदशांशावर आली. पुढे २०१५ साली त्याच राज्यातील नागरी पुरवठा महामंडळावर लाचलुचपतविरोधी छापे पडले, हेही सांगितले पाहिजे. कोणतीही व्यवस्था माणसाला कायमचे प्रामाणिक करू शकत नाही. परंतु तेथे एक मूलभूत गोष्ट घडली: वाट पाहणाऱ्याला वाट दिसू लागली. आपले धान्य केव्हा निघाले, किती निघाले, कोठे पोहोचले, हे त्याला कळू लागले. ज्याचे धान्य, त्याचीच नजर त्यावर. पहारा याहून चांगला कोणता?

संत पौल यांनी हेच केले होते. जेरुसलेमच्या गोरगरिबांसाठी दूरदूरच्या मंडळींकडून गोळा झालेली देणगी पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांनी ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्यांनी सोबत घेतली, आणि केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार चोख असावा, हे कारण करिंथकरांना कळवले. हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे आणि हिशेब देणे हा अपमान नव्हे, हा त्याचा अर्थ. आपल्या धर्मग्रामांतून दुष्काळात, महापुरात, टाळेबंदीत धान्याच्या गाड्या निघाल्या आहेत आणि पुढेही निघतील. त्या गाड्यांनाही हाच नियम लागू आहे.

अन्नसुरक्षा कायद्याने गावपातळीपासून राज्यापर्यंत दक्षता समित्यांची तरतूद केली आहे. पुष्कळ ठिकाणी या समित्या कागदावर असतात, कारण त्यांत बसायला कोणाला वेळ नसतो. ज्यांच्या घरी शिध्याचे धान्य येत नाही, त्यांना तो आपला प्रश्न वाटत नाही. ज्यांच्या घरी येते, त्यांना बोलण्याचे धैर्य होत नाही. गाडी गावात येते त्या दिवशी दुकानाशी दोन माणसे उभी राहिली, पोती मोजली, एखादे काट्यावर ठेवून पाहिले आणि आकडा फळ्यावर लिहिला, तर एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. आपल्या धर्मग्रामांत चालक आहेत, वाहतूकदार आहेत, गोदामातील कारकून आहेत, दुकानदार आहेत, शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत. या लांबच्या वाटेवर कोठे ना कोठे आपल्यापैकी कोणाचा तरी हात धान्याला लागतोच. तो हात जेथे असेल, तेथे त्याने पोते मालकाच्या भावनेने नव्हे, तर ठेवीदाराने विश्वासाने सोपवलेली ठेव म्हणून धरावे, आणि पुढच्या हाती देताना तेवढेच द्यावे जेवढे घेतले होते. पोत्याच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी चूल पेटवून बसले आहे.